कपाळ पुसा म्हणाले

नागपुरातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या शवागारात मी बावीस वर्षं काम करते आहे. बायकांच्या देहांना अंघोळ घालायची, नीट नेसवून घरच्यांच्या ताब्यात द्यायचं, हे माझं काम. पूर्वी हे घरच्या बायका करायच्या. आता घरं लहान झाली, माणसं भित्री झाली, आणि परगावच्या मुला-नातवांची वाट पाहत देह रात्रभर थंड पेटीत ठेवावा लागतो. हुडकेश्वरला आमच्या गल्लीत दोन घरं अशी आहेत की मी येऊन गेले की उंबऱ्यावर पाणी शिंपडतात. मी मुद्दाम दर सणाला जाते आणि चहा घेतल्याशिवाय उठत नाही.

मे महिन्यातली दुपार होती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत मी शाल घेऊन बसले होते. साठीच्या एका बाईचा देह आदल्या संध्याकाळी आला होता. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, पायांत जोडवी. दुपारी तिचा दीर आणि जाऊ न्यायला आले. जावेने एक पांढरट पातळ पुढे केलं आणि दीर म्हणाला, "मावशी, हिचं कपाळ पुसा. बांगड्या, जोडवी काढून घ्या."

"काहून? सवाष्ण हाय ना बाई?"

"नाई. हिचा नवरा म्हणजे आमचा मोठा भाऊ. घर सोडून गेला. बारा वर्षं वाट पायली, मंग पळसाच्या पानाचा पुतळा करून घाटावर नेला. अग्नी देल्ला, तेरवी केली. सारं रीतसर. पण हीच मानत नव्हती. चार लोकांत तमाशा केला, पण कुंकू पुसू देल्लं नाई."

मला पटलेलं दिसत नाही म्हणून जावेने मोबाईल काढून दाखवला. भिंतीवरच्या फोटोला चंदनाचा हार. जाड काळ्या मिशा, उजवी भुवई मधोमध चिरलेली. हार घातला म्हणजे माणूस मेलाच, असा तो पुरावा होता.

मी पातळ घेतलं, त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि दार लावून घेतलं.

माझी एक सवय आहे. मी प्रत्येक गोष्ट सांगून करते. ताई, हात उचलते. ताई, कूस बदलते हं. सोबतची माणसं हसतात, हसू देत. मी तिला अंघोळ घातली, केस विंचरले, तोंड पुसलं, पण कपाळापाशी हात थांबला. माझा नवरा गेला तेव्हा घरात जमलेल्या बायकांनी माझं कपाळ पुसलं होतं. मी शहाण्यासारखं तोंड वर करून दिलं होतं. तो राग अजून जात नाही, त्यांच्यावरचा कमी आणि स्वतःवरचाच जास्त.

"ताई, तुमीच सांगा, काय करू?" मी म्हणाले.

"पुसू नका," मागून आवाज आला.

मी गर्रकन वळले. शववाहिका लागते त्या मागच्या दारातून आत येऊन, पेट्यांच्या रांगेपाशी एक म्हातारा उभा होता. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. उजवी भुवई मधोमध चिरलेली.

भूतबीत काही नसतं, असं मी आजवर सगळ्यांना ठणकावून सांगत आले. तरी मी पहिल्यांदा काय केलं असेल तर त्याचे पाय उलटे आहेत का ते पाहिलं. पाय सरळ होते. एका चपलेचा अंगठा तारेने बांधलेला होता. मेलेला माणूस चप्पल दुरुस्त करत बसत नाही, एवढी अक्कल मला तेवढ्यात आली. मी चादर तिच्या गळ्यापर्यंत ओढली.

"मी हिचा नवरा," तो म्हणाला. "पेपरात वाचलं. घरापाशी गेलो, तं नव्या शेजाऱ्यायनं इथचा पत्ता सांगितला."

"इतकी वर्षं कुठं होते?"

"खापरखेड्याले. तिथं घर हाय माहं."

"घर म्हणजे बाई, लेकरं?"

त्याने खाली मान घातली. "हिले मालूम होतं. एक डाव आली होती. फाटकातून पाहून परत गेली, एका शब्दानं बोलली नाई. पुतळा जाळाच्या आधीची गोष्ट हाय."

नवरा तासाभराच्या वाटेवर दुसऱ्या संसारात आहे, हे पोटात ठेवून ही बाई त्याच्या तेरवीच्या पंगतीत वाढत होती. घरच्यांनी तिला हट्टी म्हटलं, वेडी म्हटलं. तिने त्याचा ठावठिकाणा सांगितला नाही आणि कपाळही दिलं नाही.

त्याने खिशातून कुंकवाची पुडी काढली. "लावून जातो. सवाष्णीले नवऱ्याच्या हातचं लागते."

माझं डोकंच फिरलं. "तुमचा भाऊ बाहेर बाकावर बसला हाय," मी म्हणाले. "आधी त्याच्यापुढं जाऊन जित्ते व्हा. मंग लावा."

त्याने समोरच्या दाराकडे पाहिलं. मेलेलं राहणंच त्याच्या सोयीचं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याने पुडी नीट दुमडून खिशात ठेवली आणि आला तसा मागच्या दाराने निघून गेला.

सवाष्णींसाठी मी कपाटात कुंकवाची डबी ठेवते. तिच्या कपाळावरचं रात्रभरात फिकटलं होतं, त्यावर मी बोट फिरवलं. पातळ नेसवलं, बांगड्या-जोडव्यांना हात लावला नाही आणि दार उघडलं.

दीर भडकला. साहेबांकडे तक्रार करतो, नोकरी घालवतो म्हणाला. "कोणाच्या नावाचं कुंकू हाय हे?"

तुमचा भाऊ आत्ताच येऊन गेला, एवढं म्हटलं असतं तर वाद मिटला असता. पण त्या माणसाच्या जिवंत असण्यावर तिचं कुंकू मागायचं माझ्या जिवावर आलं. जे तिने मरेपर्यंत सांगितलं नाही, ते मी कशाला सांगू?

"तिच्याच," मी म्हणाले. "तिनं लावलं होतं. मी नाई पुसणार. ज्याले पुसा लागते त्यानं पुसावं."

ओला फडका मी त्याच्यापुढे धरला. तो दोन पावलं मागे सरकला. मग बायकोला म्हणाला, "तू पुस."

जाऊ पुढे आली. तिने फडका घेतला, मोठ्या जावेच्या चेहऱ्याकडे वाकून पाहिलं, आणि नाकावर सांडलेलं थोडं कुंकू तेवढं हलक्या हाताने टिपलं. कपाळावरचं तसंच राहू दिलं. फडका घडी करून माझ्या हातात परत दिला.

"चाला, उचला आता," ती नवऱ्याला म्हणाली. "अन् उद्या तुमी आधी गेले ना, तरी माहं कपाळ मी कोणाले पुसू देणार नाई."