ईशानच्या कांजिण्या

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी दुसरीतल्या मुलाची खोटी हजेरी लावताना पकडला गेलो.

मी! रबाळ्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होतो. एकाचं कार्ड दुसऱ्याने पंच केलं की मला गेटवरच वास यायचा. त्यावरून किती जणांना मेमो दिले असतील! (त्यातले काही अजूनही मला बघून रस्ता ओलांडतात.) तर अशा माणसाच्या हातून हे झालं.

निखिल माझा मुलगा, बंगळुरूला असतो. ईशान त्याचा मुलगा, वय वर्षं आठ. बायको जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून खारघरच्या फ्लॅटमध्ये मी आणि फ्रिज दोघंच असतो, आणि दोघांत फ्रिज जास्त बोलतो. या मे महिन्यात ईशान चार आठवडे राहायला येणार होता. मी इतका खूश, की सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये भरणाऱ्या समर कॅम्पला महिनाभर आधीच त्याचं नाव घालून आलो. दर आठवड्याला नवा विषय. पहिला जंगल, मग समुद्र, मग अवकाश आणि शेवटी ‘माझं घर’. त्या विषयाचं पुस्तक घरी न्यायचं, रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचायचं आणि वाचन-कार्डावर ऐकणाऱ्याची सही घ्यायची.

कॅम्पच्या दोन दिवस आधी निखिलचा फोन.

“बाबा, ईशानचा इकडेच रोबोटिक्सचा क्लास लागलाय. या वर्षी जमत नाही हो.”

“बरं बरं. टेन्शन घेऊ नकोस.”

“तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?”

“छे! मला इथे कामं काय कमी आहेत?” (एक होतं. कुंडीला पाणी घालणं. ते साडेसातला संपायचं.)

नाव काढायला क्लबहाउसमध्ये गेलो. तिथे प्राजक्ता मॅडम होत्या, कॅम्प त्याच घेतात. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, “ईशानचे आजोबा ना? काका, सगळ्या कॅम्पात मराठी पुस्तकं मागणारा तुमचा ईशान एकटाच! त्याच्यासाठी मुद्दाम आणलीत मी. कुठाय तो?”

आता काय सांगणार, कप्पाळ? “येणार नाही” एवढे दोन शब्द, पण ते मोठ्याने म्हटले असते तर खरे झाले असते.

“त्याला... जरा ताप आहे,” मी म्हणालो.

“अगंबाई! मग पुस्तक घरी न्या. पडल्या पडल्या वाचेल.”

आलो घेऊन. कार्ड टेबलावर ठेवलं. सहा चौकोन, सहाही कोरे. आयुष्यात मी कोरा रकाना कधी सोडला नाही, तो माझा आजार आहे. शेवटी चष्मा लावला, पुस्तक उघडलं आणि वाघाची गोष्ट मोठ्याने वाचली. वीस मिनिटं, घड्याळ लावून! मग ‘वाचक’च्या पुढे डाव्या हाताने ‘ईशान’ लिहिलं आणि ‘ऐकणारा’च्या पुढे उजव्या हाताने सही केली. वाचणारा मी, ऐकणारा मी, आणि तक्रार कुणाचीच नाही.

तिसऱ्या दिवशी वाघाची डरकाळी जरा जोरात गेली. दार वाजलं. समोरच्या फ्लॅटमधल्या दळवी वहिनी!

“भाऊजी, नातू आला आणि सांगितलं नाहीत? काय छान वाचतो हो! आवाज मात्र घोगरा आहे.”

“ताप आहे ना.”

“आई गं! थांबा, पेज करून आणते.”

आणली. पाठोपाठ मेतकूट, दुसऱ्या दिवशी शेवयांची खीर. नातू झोपलाय म्हणून मी दारातच घ्यायचो आणि ओट्याशी उभ्यानेच खायचो. दोन वर्षांनी कुणी माझ्यासाठी काही शिजवत होतं, तेही माझ्यासाठी नव्हतं.

दुसरा आठवडा, समुद्र. गृहपाठ होता, तीन मासे बघा, नावं लिहा, चित्रं काढा. पुस्तकात बघून लिहिता आलं असतं. पण खोटं करायचं तर नीट करावं ना! गेलो नेरुळला, सारसोळ्याला. एक मावशी मासळी घेऊन बसल्या होत्या. मी वही काढल्यावर त्यांना मी कुठल्यातरी ऑफिसचा माणूस वाटलो.

“कुनाला पायजेत नावं?”

“नातवाला. त्याच्या कॅम्पचा अभ्यास आहे.”

“मंग पोराला आनायचा ना! तुमी काय करताव नावं लिवून? जिता खेकरा दाखवला असता त्याला.”

बरोबर बोलल्या. मी बोंबील, मांदेली, निवटी अशी नावं लिहून घेतली आणि मुकाट घरी आलो.

“अजून ताप उतरला नाही?” सोमवारी प्राजक्ता मॅडमनी विचारलं. “दोन आठवडे झाले, काका. रक्त तपासलंत का?”

मी गडबडलो. आणखी दोन आठवडे टिकेल असा, पण फार काळजीचा नाही असा आजार हवा होता.

“कांजिण्या,” मी म्हणालो.

झालं! मुलं आहेत तिथे कांजिण्या म्हणजे सुक्या गवतात ठिणगी. तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, ‘बी विंगमध्ये कांजिण्या, लहान मुलांना जपा.’ लिफ्टमध्ये मी शिरलो की लोक बाहेर. वॉचमन मला लांबूनच सलाम करायला लागला. दळवी वहिनी कडुनिंबाचा पाला देऊन गेल्या. अवकाशाचं पुस्तक मी दारंखिडक्या लावून, कुजबुजत वाचलं.

चौथ्या आठवड्याचा कागद आला. ‘माझं घर.’ घरात कोण कोण आहे? जेवताना कुणाशी गप्पा मारतोस? झोपताना गोष्ट कोण सांगतं? डावा हात तयार होता, पण लिहिणार काय? तीन रकाने, तिन्ही कोरे राहिले. पेन ठेवून दिलं. रडू आलं, खोटं कशाला सांगू? आणि कागद तसाच नेऊन दिला.

इकडे दळवी वहिनींना राहवेना. त्यांनी निखिलचा नंबर शोधला आणि लिहिलं, ‘लेकरू कांजिण्यांनी तळमळतंय, म्हातारा एकटा किती करणार? कसे आईबाप तुम्ही!’

निखिलचा लगेच फोन.

“बाबा, ईशान कुठे आहे?”

“तुझ्याकडे.”

“मग तिकडे कांजिण्या कुणाला झाल्यात?”

“ईशानला.”

मग अगदी हळू आवाजात, “बाबा, आज वार कोणता?”

“शुक्रवार! मी काही भ्रमिष्ट झालो नाहीये!”

“हो हो, तसं नाही म्हणत मी. तुम्ही शांत बसा. गॅस बंद आहे ना? आम्ही उद्या येतोय.”

उद्या म्हणजे शनिवार, कॅम्पचा शेवटचा दिवस! निखिल आणि ईशान बॅगांसकट आले तेव्हा मी क्लबहाउसमध्ये होतो, ते थेट तिथेच आले. आणि नेमकं त्याच वेळी माइकवरून जाहीर झालं, “सगळ्यात जास्त वाचनाचं बक्षीस, आजारपणातही एक दिवस न चुकवणारा... ईशान सावंत!”

टाळ्या! आपलं नाव ऐकून पोरगं आनंदाने धावत स्टेजवर. दळवी वहिनी थक्क, “अगंबाई, एकही डाग नाही! पाला लागू पडला!”

“बाळा, आवडलेलं एक पान वाचून दाखव,” मॅडमनी पुस्तक पुढे केलं.

ईशानने पुस्तक बघितलं. उलटं करून बघितलं. मग माइकमध्ये म्हणाला, “आजोबा, मला मराठी वाचायला नाही येत.”

मेमो देणाऱ्याने मेमो घ्यायलाही शिकावं. उठलो.

“तो आलाच नव्हता,” मी म्हणालो. “पुस्तकं मी वाचली. सह्या माझ्या. कांजिण्या कुणालाच नाहीत.”

“मग माझी खीर?” दळवी वहिनी.

“मीच खाल्ली.”

“आणि पाला?”

“त्याने मीच अंघोळ केली. वाया कशाला घालवायचा?”

आधी मुलं हसली, मग सगळेच. फक्त प्राजक्ता मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फाइलमधून तो कोरा कागद काढून निखिलच्या हातात दिला. म्हणाल्या, “अक्षर कुणाचं ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण काका दर आठवड्याला न चुकता यायचे, मग म्हटलं येऊ देत.”

घरी आल्यावर निखिल कितीतरी वेळ तो कागद धरून बसला होता.

“बाबा, नुसतं ‘या’ म्हणायचंत ना.”

“म्हटलं असतं तर आला असतास?”

तो खोटं बोलला नाही. कागदाची नीट घडी घालून त्याने खिशात ठेवली.

आठ दिवस राहिले दोघं. ईशानला मी रोज वीस मिनिटं वाचून दाखवलं, आणि सारसोळ्याला नेऊन जिवंत खेकडाही दाखवला. निघताना निखिल माझा हात धरून म्हणाला, “बाबा, आता दिवाळीला नक्की. प्रॉमिस.”

माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे. तरी आपली खबरदारी म्हणून मी गणपतीपासूनच फोनवर थोडं थोडं खोकायला सुरुवात करणार आहे.