क्लच कोणी जाळला

आमच्या भाऊंचे कोळशाचे ट्रक आहेत आणि त्यांच्याकडे एक साधा नियम आहे. ट्रकचा क्लच वेळेआधी गेला की ड्रायव्हरही गेला. विचारपूस नाही, काही नाही. "क्लचवर पाय ठेवून बसला असन हरामखोर," एवढं म्हणायचं आणि दुसरा माणूस बसवायचा. घुग्घुसच्या रेल्वे फाटकापाशी ट्रकांची लाइन कशी मुंगीसारखी सरकते, चढावर भरलेला ट्रक दर दोन मिनिटांनी जागेवरून कसा उचलावा लागतो, हे त्यांना कोणी सांगत नाही. सांगणारा आधीच घरी गेलेला असतो.

मी त्यांच्या घरच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. मूळचा सांगलीकडचा, शाळा नववीत सोडली. द्राक्षांच्या गाडीवर क्लीनर म्हणून इकडे आलो. गाडीमालकाने गाडी इथंच विकून टाकली आणि मला कोणी विकत घेईना म्हणून सोडून दिलं. भाऊंनी हातात स्टिअरिंग दिलं, घरामागे खोली दिली. मला कावीळ झाली तेव्हा त्यांच्या आईंनी बिनतेलाचं जेवण डब्यात घालून खोलीवर पाठवलं, बरा होईपर्यंत. त्या घराविरुद्ध तोंड उघडणं मला जमत नाही. नोकरी गेली तर खोलीही जाते, आणि गावाकडे परत जाऊन मी सांगणार काय? त्यामुळे पुढचं सगळं घडत असताना मी गप्प होतो, हे आधीच सांगून टाकतो.

भाऊंनी लाल गाडी घेतली. बुटकी, रुंद, पाठीवर पंख. म्हणे पाच सेकंदांत शंभरला जाते. चंद्रपुरात पाच सेकंदांत फार तर पुढच्या ऑटोला धडकता येतं. पण गाडी आली, पेढे वाटले गेले, आणि आमची चालवायची एक पद्धत पडली. हायवे रिकामा असला की मी चालवायचं. गाव आलं, चौक आला, फाटक आलं की भाऊ म्हणायचे, "सरक बे, दे इकडं." मी डावीकडे जाऊन बसायचो. पगारी ड्रायव्हर पाहुण्यासारखा शेजारी, आणि मालक काच खाली करून, कोपर बाहेर काढून गर्दीत. रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवून काय उपयोग, बघणार कोण?

गर्दीत भाऊ कधी न्यूट्रल करत नसत. हँडब्रेक म्हणजे त्यांच्या मते म्हाताऱ्यांचं काम. चढावर क्लच अर्धा दाबून, ॲक्सिलरेटर देत गाडी जागेवर धरून ठेवायची आणि मधूनमधून गुरगुरवायची. क्लचची प्लेट आत घासत राहते आणि जळक्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. भाऊ म्हणायचे, "पुढच्या ट्रकचा वास येऊन राह्यला." पुढचा ट्रक बहुतेक वेळा त्यांचाच असायचा.

शेवट झाला मोहर्लीच्या जंगलाच्या रस्त्यावर. आईंना वाघ दाखवायला नेत होतो. रस्त्यात वाघ आडवा गेला म्हणून गाड्या थांबल्या होत्या. आम्ही पोचेपर्यंत वाघ निघून गेलेला, पण भाऊंना वाटलं, लोक अजून थांबलेत ते आपली गाडी बघायला. मग त्यांनी तिथं पुढे-मागे, पुढे-मागे करत तिला अशी काही गुरगुरवली की सफारीच्या एका जिप्सीचा गाइड खाली उतरून म्हणाला, "भाऊ, जंगल हाये इथी. सर्कस नाई." त्यावर भाऊंनी रागाने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन किंचाळलं आणि गाडी जागची हलली नाही. मागे आई पदर नाकाला लावून बसल्या होत्या. आम्हाला टोचन करून ओढून आणलं ते एका ट्रॅक्टरने. पाच सेकंदांत शंभर.

वर्कशॉपमध्ये इस्त्रीचा शर्ट घातलेला एक साहेब होता. त्याने काळी-निळी पडलेली प्लेट ट्रेमध्ये घालून आणली.

"सर, हे ड्रायव्हिंग हॅबिटमुळे होतं. कंपनी यात काही देत नाही."

"एवढ्या पैशाची गाडी अन् प्लेट पापडासारखी? तुमचा मालच डुप्लिकेट हाये."

"सर, ही परफॉर्मन्स कार आहे. हिला जरा समजून घ्यावं लागतं."

विकताना याच साहेबाने सांगितलं होतं की भाऊ, ही गाडी नाही, वाघ आहे. वाघाला समजून घ्यावं लागतं हे तेव्हा कोणी बोललं नव्हतं. कोळशाच्या लाइनीत तासतास सरकणाऱ्या गावात ही गाडी विकायची आणि मग सवयीवर ढकलायचं. आणि घेणाऱ्याने सवय तीच ठेवून मालाला शिव्या द्यायच्या. दोघंही एकमेकांना शोभत होते.

मग साहेबाने दोघांनाही सोयीचा प्रश्न विचारला. "गाडी जास्त कोण चालवतं?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. साहेबानेही पाहिलं. खोटं कोणाला बोलायची गरजच नव्हती. किलोमीटर मोजले तर गाडी मीच जास्त चालवली होती, सगळी हायवेवर, टॉप गिअरमध्ये, जिथं क्लचला पाय लावायचं काम नसतं. भाऊंच्या तोंडात तो ट्रकवाला नियम येताना मला दिसत होता.

"म्या म्हटलंच होतं," भाऊ म्हणाले, "या ड्रायव्हर लोकायचा पाय—"

"त्याले काऊन बोलतं?" सोफ्यावर चहाचा कप धरून बसलेल्या आई बोलल्या. "तू चालवतो तवा वास येते. हा चालवते तवा मले झोप लागते."

"आई, तुले गाडीतलं काय समजते?"

"वास समजते."

साहेब ट्रेकडे बघायला लागला. भाऊ म्हणाले, "कंपनीच चोर हाये," आणि विषय संपला.

नवा क्लच बसला. गाडी घेऊन घुग्घुसकडे निघालो तेव्हा फाटकाच्या चढावर स्टिअरिंग पुन्हा भाऊंकडे, काच खाली, डावा पाय अर्ध्यावर. मिनिटाभरात तोच वास. मागे आई पदर शोधायला लागल्या. मी काय विचार केला माहीत नाही, हात पुढे गेला आणि मी हँडब्रेक ओढला. दचकून भाऊंचा पाय सुटला, गाडी झटका देऊन बंद पडली. मागून त्यांच्याच ट्रकने लांबलचक हॉर्न दिला.

"उतर," भाऊ म्हणाले.

उतरलो. रस्त्याच्या कडेला, काळ्या धुळीत, आता कुठं जायचं याचा विचार करत उभा राहिलो. भाऊ दुसऱ्या बाजूने उतरले, वळसा घालून आले आणि डावीकडे बसले.

"पाहून काय राह्यला बे? चालव."

मी बसलो तेव्हा त्यांनी आपल्या बाजूची काच वर केली. फाटक उघडायच्या आत आई झोपल्या होत्या.

तेव्हापासून गर्दीत मी चालवतो. भाऊ अजून सगळ्यांना सांगतात की पहिला क्लच कंपनीने खराब दिला होता, आणि मी "हो भाऊ" म्हणतो. त्यांचंच खातो. गेल्या आठवड्यात त्यांच्या एका ट्रकचा क्लच गेला. ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी दिसला नाही. ट्रकला आई बसतील अशी मागची सीट नसते.