कॉरिडॉरमधला पांढरा कोट

"काढ. आत्ता, इथंच."

मॅडम कॉरिडॉरमध्ये उभी होती. बाकावर पेशंटचे नातेवाईक. माझ्या अंगात पांढरा कोट. कोटाखाली फक्त परकर आणि ब्लाऊज.

मी आया. एका म्हाताऱ्याने माझ्या अंगावर उलटी केली होती. साडी धुऊन गच्चीवर टाकली, तेव्हा शीला सिस्टरने स्वतःचा कोट दिला. मावशी, साडी वाळेपर्यंत घाला म्हणाली. मॅडम म्हणजे मालक डॉक्टरांची बायको. सगळा कारभार तिच्या हातात. तिने पाहिलं आणि म्हणाली, "पांढरं घातलं म्हणून कुणी सिस्टर होत नाही."

मी काढला. दोन्ही हात छातीवर धरून उभी राहिले. कुणी मोबाईलमध्ये डोकं घातलं, कुणी हसलं. शीला सिस्टर धावत आली आणि कॉटवरची चादर ओढून मला गुंडाळलं. त्यासाठी सगळ्या स्टाफसमोर तिलाही बोलणी खावी लागली.

त्या दिवशी मी खारबावला घरी गेले आणि कुणाला काही सांगितलं नाही. पण विसरले नाही.

पुढे सिस्टरांनी युनियन केली. एक ड्युटी संपली की दुसरी गळ्यात, कोण किती सोसणार? मागणी एकच, युनियनला मान्यता द्या आणि समोर बसून बोला. डॉक्टर म्हणाले, माझ्या हॉस्पिटलात युनियन चालणार नाही. सिस्टर गेटवर बसल्या. निजामपुऱ्यातले लूमवाले, मागावरचे कामगार, शिफ्ट सुटली की त्यांच्यासोबत येऊन बसायचे. त्यांच्या बायकांची बाळंतपणं ह्याच सिस्टरांनी केलेली.

मग कामगार अधिकारी चौकशीला येणार असं कळलं. मॅडमने आम्हा आयांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर इस्त्रीचे पांढरे कोट. म्हणाली, त्या साहेबांना सांगायचं, आम्ही इथल्या सिस्टर, आम्हाला युनियन नको. गेटवरच्या बायका बाहेरच्या. माझ्या कोटाची बटणं तिने स्वतः लावली. गोड हसत. तिला कॉरिडॉरमधला तो दिवस आठवतही नव्हता. माझ्या डोक्यात सणक गेली.

मी नाही म्हटलं नाही. केबिनमध्ये कशाला म्हणू? मला कॉरिडॉर हवा होता.

साहेब आले. बाकावर पेशंटचे नातेवाईक होतेच. साहेबांनी मलाच विचारलं, "सिस्टर, तुम्हाला युनियन हवी आहे का?"

मी सावकाश बटणं काढली. ह्या वेळी आत साडी होती. कोट मॅडमच्या हातात दिला.

"साहेब, मी आया हाय, सिस्टर न्हाय. सिस्टर गेटवर बसल्यात. पांढरं घातलं म्हणून कुणी सिस्टर होत न्हाय, ह्ये मॅडमनीच मला शिकवलंय. हितंच."

मॅडमचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

मला कामावरून तिथल्या तिथे काढलं. बाकीच्या आयाही कोट टाकून माझ्यामागे गेटवर आल्या. आता युनियनमध्ये आम्हीही आहोत. मान्यता अजून नाही. मॅडमने वॉचमनकडून निरोप धाडला, माफी माग आणि कामावर ये. मी गेटवरून हलले नाही.

शीला सिस्टर म्हणते, मावशी, राग सोडा, आपल्याला बोलणी करायचीत. बोलणी तुम्ही करा. राग मी सोडणार नाही. एक दिवस मॅडमला मान्यतेच्या कागदावर सही करावी लागेल. ती सही कॉरिडॉरमध्ये होईल, सगळ्यांसमोर. मी तिच्यासमोर खुर्चीत बसेन, आणि पेन तिच्या हातात मी देईन.