एकदाच विचारणारे लेनार्ट

लेनार्ट कुठलीही गोष्ट एकदाच विचारत. त्यांचं हे वागणं कळायला मला चार वर्षं लागली, आणि कळलं याचाच मला आता राग येतो.

डब्लिनच्या कडेला ओंगारमधल्या घरात आम्ही राहायला आलो आणि दुसऱ्याच दिवशी बॉयलर बंद पडला. नवरा कामासाठी शॅननला गेलेला. मी पाच वर्षांच्या इराचं बोट धरून शेजारचं दार वाजवलं. दार उघडलं ते चांगल्या सव्वासहा फूट उंचीच्या, घरातही इस्त्रीचा शर्ट घातलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. दहा मिनिटांत त्यांनी बॉयलर सुरू करून दिला. संध्याकाळी आभार मानायला म्हणून मी सांबारवडी घेऊन गेले. टेबलावर थर्मास होता आणि ताजे बन. बनला चक्क वेलदोड्याचा वास! "कॉफी घेणार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नको नको, कशाला उगाच?" "बरं," म्हणाले, स्वतःचा कप भरला, थर्मासचं झाकण लावलं आणि माझ्यासमोर बसून शांतपणे बन खाऊ लागले. मी आपली बघतेय! अहो, मी नागपूरची. आमच्याकडे पाहुणा 'नको' म्हणाला की त्याचा अर्थ अजून दोनदा विचारा, एवढाच असतो. घरी येऊन नवऱ्याला फोनवर सांगितलं, "माणूस कामाचा आहे, पण एक नंबरचा कंजूष."

ते स्वीडनचे. ऐन तिशीत विमानांच्या इंजिनांचं काम करायला शॅननला आले, तिथल्याच क्लेअर जिल्ह्यातल्या मोरीनशी लग्न केलं आणि इथलेच झाले. मोरीन आम्ही यायच्या दोन वर्षं आधी गेली होती. मूलबाळ नाही. हृदयाची एक झडप नीट चालत नव्हती, जिना चढले की ओठ निळसर पडायचे. असा माणूस शेजारी एकटा राहतोय आणि कुणाची काडीची मदत घेत नाही, हे मला बघवायचं नाही. मला त्यांच्याकडून फार काही नको होतं. आजारपणात तरी त्यांनी कुणाला सोबत येऊ द्यावं, एवढंच.

त्यांना काका म्हणायची सोय नव्हती. "लेनार्ट," ते म्हणाले, "आमच्याकडे डॉक्टरलाही नावानेच हाक मारतात." मग मी नाव घेताना दर वेळी मनातल्या मनात 'काका' जोडायची.

आमच्या वसाहतीत स्वीडन म्हणजे काय, तर स्वतः जोडायचं फर्निचर. कुणी कपाट आणलं की लेनार्टना बोलावणं. "मी आयुष्यभर विमानाची इंजिनं उघडली," ते चिडून म्हणायचे, "कपाटाचा स्क्रू कुठे जातो ते मला कसं ठाऊक असणार?" तरी जायचे, आणि फळी उलटी लावून यायचे. वायकिंगांची शिंगवाली टोपी घातलेले पर्यटक दिसले की त्यांचं दुसरं पालुपद सुरू व्हायचं, "डब्लिनला आलेले ते वायकिंग बहुतेक नॉर्वेचे होते. नॉर्वेचे!" आणि आम्ही मराठी बायका तरी काय शहाण्या? आमच्या ग्रुपवर एकीने टाकलं होतं की स्वीडनमध्ये म्हणे खेळायला आलेल्या दुसऱ्याच्या पोरांना जेवायला देत नाहीत, आपण जेवतात आणि त्यांना खोलीत बसवून ठेवतात. तिला मी लिहिलं होतं, "काहीतरीच. इंटरनेटवर काय वाटेल ते येतं."

दर गुरुवारी माझी मीटिंग सहापर्यंत चालायची, म्हणून इरा शाळेतून त्यांच्याकडे जायची. तेव्हा ती सात वर्षांची होती. एका गुरुवारी घरी आली ती तोंड एवढंसं करून. "ही हॅड पॅनकेक्स, आई. विथ जॅम." मी विचारलं, "आणि तू?" "ही आस्क्ड मी जस्ट द वन्स. आय सेड आय वॉज ग्रँड." इथल्या बोलीत ग्रँड म्हणजे 'ठीक आहे, काही नको.'

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच स्लिपर घालून शेजारी गेले. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि वर पॅनकेक, हा त्यांच्याकडचा जुना रिवाज. ते भांडी विसळत होते.

"माझी पोर समोर उपाशी बसली होती. घास उतरला कसा तुम्हाला?"

"मी विचारलं. ती नको म्हणाली." त्यांना खरंच काही कळत नव्हतं.

"सात वर्षांची आहे ती! दुसऱ्याच्या घरी लगेच हो म्हणायचं नाही, असं मीच शिकवलंय तिला!"

"म्हणजे भूक लागली असताना नको म्हणायला तू शिकवलंस," ते म्हणाले, "आणि रागावतेस माझ्यावर?"

त्यांनी हात पुसले आणि खुर्ची पुढे केली. "मी दुसऱ्यांदा विचारलं असतं तर त्याचा अर्थ काय झाला असता? तिच्या पहिल्या उत्तरावर माझा विश्वास नाही. ती लहान आहे म्हणून तिचा शब्द पण लहान का?" मग लहानपणचं सांगू लागले. मित्राकडे जेवणाची वेळ झाली की ते मित्राच्या खोलीत थांबायचे. त्यात कुणाला वाईट वाटायचं नाही. घरी आईने यांचंही ताट केलेलं असायचं. "दुसऱ्याच्या मुलाला जेवू घालायचं म्हणजे त्याच्या आईला सांगायचं, की तुझ्याच्याने होत नाही. तुम्ही त्याला माया म्हणता. आम्ही त्याला ढवळाढवळ म्हणतो. मोरीनही तुझ्यासारखीच, तीन-तीनदा विचारायची. फार त्रास व्हायचा मला."

"माणसं थंड म्हणतात ना तुम्हाला, ती उगाच नाही!" मी म्हटलं आणि दार आपटून निघून आले.

पुढच्या गुरुवारी इराने विचारल्याबरोबर "हो, दोन" सांगितलं आणि दोन पॅनकेक खाऊन आली. तिला ते फार सोयीचं वाटलं. सुट्टीत नागपूरला गेलो तेव्हा मावशीने "थोडी बर्फी घेतेस का गं?" म्हटलं, तर ही म्हणे "हो, तीन." मावशी गारच पडली.

मी मात्र हट्ट सोडला नव्हता. त्यांचा श्वास फुलायला लागला तशी मी जास्तच मागे लागले. वरण देऊ? नको, थँक यू. औषधं आणून देऊ? नको. एकदा नको म्हणाले तरी मी डबा दाराशी ठेवून आले. संध्याकाळी डबा जसाच्या तसा परत, वरती चिठ्ठी: "मी नको म्हटलं होतं." इतका संताप आला की तो डबा मी उभ्या उभ्या खाल्ला. नवरा म्हणाला, "अगं, का डोकं आपटून घेतेस?" ऑफिसातही लोक म्हणायचे, तू दुसऱ्याचं ऐकूनच घेत नाहीस. माणूस किती दिवस भांडणार? हळूहळू मी एकदाच विचारायला लागले. नको म्हणाले की "बरं," आणि मागे वळायचं. जिभेला अक्षरशः गाठ मारल्यासारखं व्हायचं. त्यांच्या ते लक्षात आलं. कुंपणापलीकडून एकदा म्हणाले, "आता तू माझं ऐकतेस. आवडलं मला."

गेल्या मार्चमधली गोष्ट. मंगळवार होता, कचऱ्याचे डबे रस्त्याकडेला काढून ठेवायचा दिवस. त्यांचा डबा ते दोनदा थांबत थांबत ओढत होते. म्हणाले, "परवा झडपेचं ऑपरेशन आहे. छाती न उघडता, पायातल्या रक्तवाहिनीतून."

"मी येऊ का सोबत? सुट्टी टाकते."

ते डब्याच्या मुठीकडे बघत राहिले. "नको," म्हणाले. "टॅक्सी सांगितली आहे."

शब्द अगदी ओठांवर आले होते. अहो, टॅक्सी काय करणार, तिला काय हात धरता येतो? पण मी गिळले आणि म्हटलं, "बरं." ते तरी तिथेच उभे होते. गाड्या बघत होते, हवेबद्दल काहीतरी म्हणाले. मला ऑफिसला उशीर होत होता. "मग येते मी," म्हणून निघाले. खरं सांगते, बसमध्ये बसल्यावर मला माझंच कौतुक वाटलं. जमलं बाई एकदाचं, असं वाटलं.

गुरुवारी दुपारी त्यांचा मेसेज आला: "ऑपरेशन झालं. सगळं ग्रँड." शनिवारी भेटायला जाऊ, असं मी ठरवलं. शुक्रवारी सकाळी त्यांचं हृदय थांबलं. जवळ कुणी नव्हतं.

स्वीडनमधल्या योटेबोरीहून त्यांची भाची आली, कारिन नावाची. घर आवरायला मी मदत करू का म्हणून विचारलं, तर ती लगेच हो म्हणाली. कपाटं रिकामी करताना मी तिला म्हटलं, "तुझ्या मामांनी मला स्वीडिश करून सोडलं. एकदा नको म्हटलं की विषय संपला."

ती हसायला लागली. "मामा आणि स्वीडिश? अगं, आमच्याकडे सगळे त्याला आयरिश म्हणायचे. दुकानात अनोळखी माणसांशी हवेच्या गप्पा मारत उभा राहायचा, आम्हाला लाज वाटायची. आणि जेवताना तर विचारूच नकोस. बटाटे वाढू का म्हटलं की नको म्हणायचा, आणि भांडं उचललं की तोंड पाडून बसायचा. आई म्हणायची, मोरीनने बिघडवलाय याला. तीनदा विचारल्याशिवाय हो म्हणतच नाही."

माझ्या हातात त्यांचे शर्ट होते, ते मी पलंगावर ठेवले आणि तिथेच बसले. कारिनने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." तिने पुन्हा विचारलं नाही.

कुणाचा होता तो नकार? स्वीडनच्या मुलाचा, की मोरीनच्या नवऱ्याचा? आता कोण सांगणार? त्यांच्यावर चिडावं तर ते नाहीत, म्हणून माझ्यावरच चिडते. अजून दोनदा विचारता आलं असतं, एवढा वेळ नक्की उभे होते ते. आग्रह करकरून आयुष्यभर लोकांना जीव नकोसा करणारी मी, नेमकी त्याच दिवशी सभ्य वागले.