फोरमनची कवळी

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे आणि मागच्या खोलीत बसून भाऊजी त्या मापावरून कवळी घडवायचे. नवरा गेल्यापासून मी ताईकडेच राहते आणि कवळ्यांना पॉलिश करते. गावातल्या निम्म्या पोक्त मंडळींच्या हसण्यावर शेवटचा हात माझा फिरलेला आहे. रस्त्यात कोणी भेटलं की मी आधी दात बघते, मग चेहरा.

भाऊजींना एक खोड होती. रविवारी चर्चमध्ये जे वाचून दाखवतील त्यातली करण्यासारखी एक गोष्ट ते निवडायचे. घरी आल्याबरोबर ती टेबलासमोरच्या प्लॅस्टरच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायचे आणि शनिवारच्या आत करून पुसून टाकायचे. आम्ही बाकीचे ऐकतो, मान डोलावतो आणि दारातून बाहेर पडेपर्यंत आज स्वयंपाक काय करायचा याच्यावर आलेलो असतो. एकदा दोन अंगरखे असणाऱ्याने एक देऊन टाकावा, असं वाचनात आलं. सोमवारी भाऊजींचा स्वेटर कोपऱ्यावरच्या पहारेकऱ्याच्या अंगात! तोही नवा, मी अडीच महिने खपून विणलेला. मी घर डोक्यावर घेतलं.

"अहो, जुना द्यायचा होता ना!"

"जुना कोपरावर विरलाय, मेहुणीबाई. त्याला थंडी वाजली असती."



पण स्वेटर ही अगदीच किरकोळ गोष्ट. खरी गोष्ट फोरमनची.

भाऊजी आधी बावीस वर्षं एका मोठ्या कारखान्यात होते. तिथे शेकड्यांनी कवळ्या बनत आणि सगळ्यांवर एक फोरमन होता. कवळीचा साचा कोमट पाण्यात ठेवून ते पाणी हळूहळू, तासन्‌तास तापवायचं असतं. घाई करून उकळत्या पाण्यात टाकला, की आत बारीक बुडबुडे धरतात आणि कवळी काही महिन्यांत तडकते. एकदा अख्खी खेप तडकून परत आली. ती उकळत्या पाण्यात टाकली होती फोरमनने. भाऊजींनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, थांबवायलाही गेले होते. मालकासमोर मात्र फोरमनने बोट दाखवलं भाऊजींकडे. भाऊजींनी जे घडलं ते सांगितलं, पण फोरमनच्या शब्दापुढे त्यांचा शब्द कोण धरतो? दुसऱ्या दिवसापासून भाऊजी घरी. 'तडकवणारा' हे नाव गावभर झालं. तीन वर्षं एकाही डॉक्टरने काम दिलं नाही. ताईने लोकांचे कपडे शिवून घर ओढलं, त्यात तिचे डोळे अधू झाले. मी फोरमनवर दात धरून होते आणि ते लपवतही नव्हते. चर्चमध्ये तो पुढच्या बाकावर बसायचा. प्रार्थनेत डोळे मिटायच्या वेळी मी त्याच्या मानेकडे बघत बसायचे.

मग एका रविवारी फोरमनची बायको ताईजवळ रडली. त्याचे सगळे दात काढावे लागले होते. गावातल्या प्रत्येक कारागिराशी त्याचं वाकडं होतं, त्यामुळे कोणाकडूनही कवळी करून घ्यायला तो तयार नव्हता. आठ महिने दुधात भिजवलेला पाव आणि पातळ सूप. माणूस निम्मा झाला होता. पुढच्या बाकावर तो दिसेनासा झाला होता, ते याच्यामुळे. मला काय वाटलं ते खरं सांगते. बरं वाटलं.

आणि नेमकं त्याच दिवशी वाचन होतं, वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घालावं.

मी भाऊजींकडे बघितलंच नाही. पण घरी आल्यावर पाटीवर पेन्सिल चाललेली ऐकू आली, तशी मी मागच्या खोलीत गेले.

"भाऊजी, सुपाचा डबा पाठवू. तेवढं पुरे," मी म्हणाले.

"सूप त्याच्याकडे आहे," भाऊजी म्हणाले. "त्याला दात नाहीत."

सोमवारी ते जाऊन माप घेऊन आले. फोरमनने म्हणे दार उघडलं आणि खुर्चीत बसून आ केला. आठवडाभर भाऊजी खाली मान घालून काम करत होते. नेहमी काम करताना ते काहीतरी गुणगुणायचे, त्या आठवड्यात खोलीतून फक्त कानशीचा आवाज. ताई दोनदा दारात जाऊन परत आली.

शनिवारी सकाळी कवळी माझ्याकडे आली. मी पॉलिश केली, सवयीने खिडकीच्या उजेडात धरली आणि हात तिथेच थांबला. टाळूच्या भागात, आत, साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे.

मी त्यांना दाखवलं. भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून बघितलं. मग स्टुलावर बसले.

"काल उकळत्या पाण्यात टाकली," ते म्हणाले.

माझा कानांवर विश्वास बसेना. या माणसाने! ज्याच्यावर याच गोष्टीचा खोटा आळ आला आणि ज्याने त्यानंतर एकदाही पाण्याला घाई केली नाही, त्याने!

"जाऊ द्या हो," मी म्हणाले. "त्याला बसते आहे ना? वर्षभर टिकेल. तडकली तर तडकली, त्याने कोणत्या तोंडाने तक्रार करायची?"

"मेहुणीबाई, मला त्याला जेवू घालायचं नव्हतं," भाऊजी म्हणाले. "मला पाटीवरचं पुसायचं होतं. ती कवळी घरातून कधी जाते असं झालं होतं मला."

त्यांनी हातोडी घेतली आणि एका घावात कवळीचे तुकडे केले. आठवडाभराचं काम! तुकडे रुमालात बांधले. साच्यातून कवळी काढताना प्लॅस्टर फुटतंच, त्यामुळे आता माप पुन्हा घ्यावं लागणार होतं. त्यांनी मापाची पावडर, रबरी वाटी, तोंडात धरायचा ट्रे असं सगळं पिशवीत भरलं. पिशवी मी उचलली. मदतीला म्हणून नाही. हा माणूस तिथे जाऊन काय करणार हे मला कळलं होतं, आणि त्यावर फोरमनचं बोलणं त्यांनी एकट्याने ऐकून घ्यावं हे मला सहन झालं नसतं. फोरमनने एक जरी वाकडा शब्द काढला असता, तर मी त्याच्या सात पिढ्या उद्धरणार होते.

फोरमन खिडकीशी बसला होता. गालफडं आत गेलेली, गळ्याशी सदरा ढगळ झालेला. त्याची बायको आतून हात पुसत आली. तिला वाटलं कवळी आली, तिचा चेहरा केवढा खुलला! भाऊजींनी रुमाल टेबलावर ठेवून सोडला.

"ही तुमची कवळी," ते म्हणाले. "मी उकळत्या पाण्यात टाकली. घाई केली. कवळी तुमची होती म्हणून केली. माझ्या मनात तुमच्याबद्दल फार वाईट होतं, ते यात उतरलं. मला माफ करा. दुसरी करतो, नीट."

फोरमनने एक तुकडा उचलला आणि उजेडात धरला. नजर कारागिराची होती. बुडबुडे त्याला दिसले. कुठल्या चुकीने येतात ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक! त्याने तुकडा ठेवला आणि तोंडावर हात घेतला.

"अहो, होतं असं कधी कधी," बायको गोंधळून म्हणाली. "दुसरी करताहेत ना ते. रडताय काय?"

"ती खेप..." तो म्हणाला. दातांशिवाय त्याचे शब्द ओले, बोबडे येत होते, तरी एकूण एक कळला. "ती खेप मी टाकली होती. याने नाही. मी."

बायको टेबलाची कड धरून उभी राहिली. तिला हे इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. मी भाऊजींकडे बघत होते. आता बोला, मनात म्हणत होते, बोला काहीतरी. तीन वर्षं. ताईचे डोळे. बोला!

भाऊजींनी बाह्या वर केल्या.

"तोंड उघडा," ते म्हणाले. "माप नव्याने घ्यावं लागेल."

त्यांनी पावडर कालवली, ट्रे फोरमनच्या तोंडात बसवला. ते मिश्रण घट्ट होईपर्यंत मुळीच हलायचं नसतं. म्हणून एका हाताने ट्रे वर दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने मागून डोकं सांभाळायचं. भाऊजींनी ते डोकं आपल्या छातीशी टेकवून धरलं. फोरमनला बोलता येत नव्हतं, हलता येत नव्हतं. डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत होतं आणि भाऊजी घड्याळाकडे बघत उभे होते, हात जराही न हलवता. मी चाळीस वर्षं चर्चला जाते आहे. गुडघे टेकावेसे मला पहिल्यांदा वाटले ते त्या खोलीत. आणि खरं म्हणजे मला थोडी भीती वाटत होती.

कालवलेलं मिश्रण थोडं जास्त झालं होतं. ते फोरमनच्या हनुवटीवरून ओघळून सदऱ्यावर पडायला लागलं. भाऊजींचे दोन्ही हात अडकलेले, त्याची बायको टेबलाला खिळलेली.

मी ओला फडका घेतला आणि त्याची हनुवटी पुसली. मग गळा पुसला. मला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं, असं लिहिणार होते. पण ते खोटं होईल. चाळीस वर्षं दर रविवारी सांगत होते.