दोन दिवसांचा गळ

बाळांनो, तुम्ही सुट्टीत याल म्हणून मी सिल्वासाच्या बाजारात गळाच्या काठ्या बघायला गेले, तिथे एक माणूस भेटला. अंगावर कारखान्याचेच कपडे होते. स्वस्तातली एकेक काठी उचलायचा, अंगठ्याने रीळ फिरवून बघायचा आणि परत ठेवायचा.

“भाऊ, काठी घेतोस की मुलगी पसंत करतोस?” दुकानदार वैतागला.

तो माझ्याकडे वळला. “आजी, मला यातलं काही येत नाही. पोरगा धुळ्याहून येतोय, दोनच दिवस राहणार. ते दोरीचा गुंता सोडवण्यात नको जायला.”

काल तो अथालला नदीकाठी दिसला. एकटाच गळ फेकायचा सराव करत होता. दोरी गुंतली की घाईघाईने सोडवायचा, पुन्हा फेकायचा, मध्येच रस्त्याकडे बघायचा.

मीही दोन काठ्या घेतल्या आहेत. रोज सकाळी अंगणात फेकून बघते. दोरी अजून गुंततेच.