नाव घेऊन मागायचं औषध

वणीहून पोस्टकार्ड आलं तेव्हा मी औषधाचा चमचा धूत होते. अक्षर नूरचं, रहिमतबीच्या मुलीचं. मीच तिला गिरवायला शिकवलं होतं. "अम्मी गेली. शेवटपर्यंत तुमची आठवण काढत होती." एवढंच. कार्ड वाचून मी तोच चमचा पुन्हा धुतला... त्याला आता महिना होऊन गेला. दिल्लीतल्या माझ्या नातवंडांनो, शेजारच्या गॅरेजातली, सुट्टीत तुम्हाला कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून देणारी बाई, एवढीच ती तुम्हाला ठाऊक. तुमचे आजोबा तिच्यामुळे आणखी आठ वर्षं आपल्यात राहिले, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची, सत्तावन सालची गोष्ट. आम्ही पांढरकवड्याला होतो. आजोबा हायस्कुलात मास्तर. छातीचं दुखणं नुकतंच मागे लागलेलं. दवाखान्यात तेव्हा बाटली घरून न्यायची. कंपाउंडर खिडकीतून ती घेई, औषध भरी आणि पोटात घ्यायचं असेल तर मात्रा कळण्यासाठी खाचा पाडलेली कागदाची पट्टी बाटलीला चिकटवून देई. मी इंग्रजी शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेली, घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावणारी. पण नवऱ्याचं नाव उखाण्याखेरीज कधी घेतलं नव्हतं. खिडकीपाशी आम्ही सगळ्याच बायका तशा. कोणी म्हणे "आमच्या घरचं", कोणी "बाळूच्या बाबांचं". मी म्हणे, "मास्तरांचं."

एका सकाळी हातात आलेली बाटली दुधासारखी पांढरी होती. आजोबांचं औषध गुलाबी असे. पट्टीही दिसेना. मी चाचरत म्हटलं, "रंग वेगळा वाटतो."

कंपाउंडर मान वर न करता म्हणाला, "मास्तरांचंच ना? मंग घ्या. डॉक्टरसायबानं बदललं असंन."

बाटलीवर चिठ्ठी होती, इंग्रजीत, आणि तिच्यावर एकच शब्द... मास्तर. माझं इंग्रजी तिथेच संपलं. मी निघालेही होते. रांगेत मागे उभ्या असलेल्या रहिमतबीने बाटली माझ्या हातातून घेतली आणि बूच काढून नाकाशी धरली.

"मास्तरीणबाई, हे तं टर्पेंटाइन हाय! आमच्या गॅरेजात रोज नाकात जाते. मास्तरले पाजता का इंजिनले?"

रांग हसली. कंपाउंडर चिडला. "सकाळपासून दोन मास्तर झाले. मले काय सपन पडते? नाव सांगा." दुसरे होते आमच्याच शाळेचे ड्रिलमास्तर, गुडघ्याला चोळायचं औषध त्यांचं होतं. मी पदर बोटाला गुंडाळत उभी. ओठ हलत, शब्द निघत नव्हता.

"काहून चूप?" रहिमतबी म्हणाली. "मर्दाचं नाव घेतल्यानं मर्द मरत नाही, बाई. दवाई चुकली तं मरते. नाहीच निघत तं उखाणा घ्या!"

आणि मी खरंच घेतला. "बाटलीवर चिकटवा कागदाची खूण, विश्वनाथरावांचं औषध द्या नाव नीट वाचून." खिडकीमागे हसू फुटलं. पण कंपाउंडरने गुलाबी बाटली स्वतः वास घेऊन दिली, आणि त्या दिवसापासून तो प्रत्येकाला पूर्ण नाव विचारू लागला.

घरी येताना ती हसत नव्हती. "मी बी एक डाव चूप राह्यलती. नूरच्या दवाईले नुसतं 'शेखचं' म्हटलं, तं दुसऱ्या शेखची बाटली घरी आली. नूर वाचली, पण ते चार दिवस..." तिने माझ्या हातातली बाटली पुन्हा एकदा नाकाशी धरून पाहिली.

मग आमचा नेमच झाला. दोघींपैकी कोणाच्याही घरी औषध आलं की ते माझ्या ओसरीवर यायचं. मी नाव आणि मात्रा मोठ्याने वाचायची, ती रंग पाहायची, वास घ्यायची. चोळायच्या बाटलीच्या गळ्याला ती दोरा बांधी, म्हणजे दिवा गेला तरी हाताला कळावं. काही वेगळं वाटलं तर चमचा भरायचा नाही, उलट पावली खिडकीपाशी जायचं. "लाज तिकडंच ठेवून यायची," ती म्हणे. आजोबा थट्टा करत, "माझी नाडी डॉक्टरांच्या हातात कमी, तुम्हा दोघींच्या हातात जास्त!"

ते गेले. तिचे शेखसाहेबही गेले, गॅरेज विकलं गेलं. गेल्या दिवाळीनंतर नूर तिला वणीला न्यायला आली. गाडी सुटताना ती खिडकीतून ओरडली, "दवाई एकटीनं पिऊ नका, मास्तरीणबाई! कोणाले तरी दाखवत जा." मी मान हलवली. कोणाला दाखवणार, हे त्या गर्दीत विचारायचं राहून गेलं.

आता रक्तदाबाचं औषध माझंच असतं. खिडकीतून कंपाउंडर विचारतो, "कोणाचं?" आणि मी पूर्ण नाव सांगते, घ्यायला आता माझंच नाव उरलं आहे. घरी येऊन ओसरीवर बसते, चिठ्ठी मोठ्याने वाचते, बूच काढते. मग बाटली समोरच्या, ती बसायची त्या स्टुलाकडे धरते. कोणी घेत नाही, तरी थोडा वेळ हात तसाच राहतो... हल्ली सकाळचं औषध घ्यायला मला उशीर होतो.